२९ उमेदवार, ७२ तास आणि एक मत

खुर्ची एक आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेली माणसं २९. तीही एकाच पक्षाची!

२०२० च्या अमेरिकी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला एवढे नामवंत उतरले होते. सिनेटर होते, गव्हर्नर होते, महापौर होते, दोन अब्जाधीश होते आणि आठ वर्षं उपाध्यक्षपद भूषवलेले जो बायडनही होते. अमेरिकेत उमेदवार निवडण्याची सध्याची पद्धत १९७२ च्या सुमारास रुजली. तेव्हापासून इतकी गर्दी कुठल्याच पक्षात झाली नव्हती.

आपल्याकडे असं झालं असतं तर? दिल्लीहून एक फोन आला असता, एकाच्या हातात एबी फॉर्म पडला असता आणि बाकीच्या २८ जणांची समजूत घालायला निरीक्षक धावले असते. अमेरिकेत एबी फॉर्म देणारा कुणी नसतोच. तिथे पक्षाचे मतदारच राज्याराज्यांत मत देऊन उमेदवार ठरवतात. या पक्षांतर्गत निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. म्हणजे सहा-आठ महिने एकाच घरातली माणसं चारचौघांत एकमेकांचे वाभाडे काढतात आणि मग त्याच घरातल्या सगळ्यांनी एका माणसामागे उभं राहायचं. हे जमतं कसं? आणि नाही जमलं तर किती महागात पडतं? त्याचे आकडे मांडायला लागलो की डोकं गरगरतं. चला, एकेक आकडा हातात घेऊन बघू.

सुरुवात मिनिटांपासून. जून २०१९ मध्ये मायामीत पहिली वादसभा झाली. एका मंचावर सगळे मावेनात, म्हणून दोन रात्री कराव्या लागल्या. पहिल्या रात्री १० जण, दुसऱ्या रात्री १०. तरी काही जण बाहेरच राहिले! रात्रीचे दोन तास म्हणजे १२० मिनिटं. प्रश्न विचारणाऱ्यांनी तोंड उघडलं नाही, जाहिराती लागल्या नाहीत, कुणी टाळी वाजवली नाही, तरी माणशी १२ मिनिटं. प्रत्यक्षात उद्योजक अँड्र्यू यांग यांना जेमतेम तीन मिनिटं मिळाली. दादरहून सुटलेली लोकल माटुंगा रोडला पोहोचते तेवढ्या वेळात ३३ कोटी लोकांच्या देशाला सांगायचं की मला राष्ट्राध्यक्ष का करा! त्याच रात्री कॅलिफोर्नियाच्या सिनेटर कमला हॅरिस यांनी बायडनना काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत बसने नेण्याच्या जुन्या वादावरून असं काही खिंडीत गाठलं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचीच चर्चा. हे भांडण लक्षात असू द्या. पुढे त्याची किंमत लाख कोटींत मोजायची आहे.

आता गणित. पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रायमरीतून निवडलेले प्रतिनिधी एकूण ३,९७९. उमेदवारी हवी तर निम्म्याहून जास्त, म्हणजे १,९९१ आपल्या बाजूला हवेत. त्यात एक जीवघेणी अट: ज्या राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्के मतंही मिळाली नाहीत, तिथे प्रतिनिधी शून्य. गर्दीत हाच नियम कापत जातो. समजा एका राज्यात एकाला ३० टक्के मतं पडली आणि बाकीच्या सात जणांना प्रत्येकी १० टक्के. त्या सात जणांना प्रतिनिधी एकही नाही! गर्दी वाढली की मतं हवेत विरतात, आणि ज्याच्या मागे एकगठ्ठा तीस टक्के आहेत तो बाकीचे सत्तर टक्के विरोधात असूनही पुढे निघून जातो.

(मराठी माणसाला याचं उदाहरण जवळचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार जिंकले ते सुमारे २८ टक्के मतांवर. म्हणजे दर चारांतल्या जवळपास तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत मात्र ठाणेदारांना ७१ टक्के! मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला होता हे खरं, पण २८ चे ७१ होतात तेव्हा मधल्या तीन महिन्यांत किती रुसवे निघाले असतील याचा अंदाज येतो.)

गर्दीची भीती या पक्षाच्या हाडात मुरलेली आहे, आणि त्याला कारण आहे १९२४. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. प्रतिनिधींची मतं १,०९८. तेव्हा निम्मी पुरत नसत, दोन-तृतीयांश लागत, म्हणजे ७३२. एका बाजूला विल्यम मॅकअडू, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, आणि आजूबाजूला डझनभराहून जास्त इतर नावं. पहिली फेरी झाली: मॅकअडू ४३१ आणि अर्धं मत, स्मिथ २४१. कुणीच जवळपास नाही. दुसरी फेरी, दहावी, पंचविसावी, पन्नासावी! सभागृह भट्टीसारखं तापलेलं, हॉटेलच्या बिलांनी प्रतिनिधींचे खिसे रिकामे, मारामाऱ्या झालेल्या. कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही यावर वेगळं मतदान झालं. जवळपास अकराशे मतांत फरक पडला साधारण एका मताचा. पक्ष असा मधोमध उभा चिरलेला!

डेमोक्रॅटिक पक्षाचं हे रेडिओवरून ऐकू येणारं पहिलंच अधिवेशन. प्रत्येक फेरीत राज्यांची नावं अकारविल्हे पुकारली जायची, म्हणून आधी अलाबामाचा नंबर. अलाबामाची २४ मतं आपल्या सिनेटर अंडरवूड यांना. फेरी नवी, घोषणा तीच, शंभराहून अधिक वेळा. घरी रेडिओ ऐकणाऱ्या पोराबाळांना ती तोंडपाठ झाली.

सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. १०३ व्या फेरीत उमेदवार ठरला! ना मॅकअडू, ना स्मिथ. ज्यांना पहिल्या फेरीत अवघी ३१ मतं होती ते वकील जॉन डेव्हिस. दोन्ही बाजू इतक्या थकल्या होत्या की तिसऱ्याच नावावर उसासा टाकला. १,०९८ गुणिले १०३ करून बघा: एक नाव ठरवायला १ लाख १३ हजार मतं नोंदवावी लागली! अधिवेशन चाललं १६ दिवस. तेवढ्या दिवसांत आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिवेघाट चढून, नीरा ओलांडून पंढरपूरच्या जवळ पोहोचलेली असते. लाखो माणसं शिस्तीत चालत तिथवर जातात आणि इकडे हजारभर माणसं एका नावापर्यंत पोहोचत नव्हती.

मग निवडणूक. डेव्हिसना मिळाली २८.८ टक्के मतं. समोर रिपब्लिकन पक्षाचे कूलिज यांना जवळपास दुप्पट. दुफळीला मतदाराने दिलेली ही पावती.

तशी ठेच २०१६ मध्येही लागली, फक्त आकडे बारीक होते म्हणून जास्त झोंबली. त्या वर्षी गर्दी होती रिपब्लिकन पक्षात, १७ उमेदवार! त्यातले जेब बुश यांच्यासाठी प्रचारमोहीम आणि पाठीराख्यांनी मिळून १३ कोटी डॉलर ओतले आणि हाती आले चार प्रतिनिधी. एका प्रतिनिधीमागे त्या वेळचे दोनशे कोटींहून जास्त रुपये! पक्षाच्या अधिवेशनात टेड क्रूझ भाषणाला उभे राहिले, ट्रम्प यांचं नाव घेऊन पाठिंबा दिला नाही आणि सगळं सभागृह त्यांच्यावर ओरडलं. एवढं होऊनही नोव्हेंबरात दर दहा रिपब्लिकन मतदारांतले जवळपास नऊ ट्रम्पमागे गेले.

डेमोक्रॅट पक्षात उमेदवार थोडे होते, पण भेग खोल होती. बर्नी सँडर्स यांना प्रायमरीत १ कोटी ३२ लाख मतं पडली होती. ते हरले आणि हिलरी क्लिंटन यांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला तो १२ जुलैला, निवडणुकीच्या ११९ दिवस आधी. निवडणुकीनंतर मतदारांची एक मोठी पाहणी झाली. तिच्या अंदाजानुसार सँडर्सच्या दर १०० मतदारांतले सुमारे १२ जण थेट ट्रम्पकडे वळले. एकट्या विस्कॉन्सिन राज्यात असे ५० हजारांच्या आसपास. तिथे क्लिंटन हरल्या २२,७४८ मतांनी! निकाल ठरवणाऱ्या मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतला फरक एकत्र केला तर ७७,७४४. देशभरात मतं पडली होती जवळपास १३ कोटी ६७ लाख.

म्हणून २०२० मध्ये २९ उमेदवार बघून पक्षातल्या जुन्याजाणत्यांना धडकी भरली, ती उगाच नव्हती.

आता पैसा. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग २४ नोव्हेंबर २०१९ ला रिंगणात उतरले आणि ४ मार्च २०२० ला बाहेर पडले. एकूण १०१ दिवस. एवढ्यात स्वतःच्या खिशातून खर्च केला १०० कोटी डॉलरहून जास्त. १०० कोटीच धरू, म्हणजे तेव्हाच्या भावाने ७,१०० कोटी रुपये! रोज ७० कोटी. तासाला जवळपास ३ कोटी. मिनिटाला ५ लाखांच्या घरात. तुम्ही मुंबईहून गाडी काढून तीन तासांत पुण्याला पोहोचलात, की तेवढ्यात यांचे ९ कोटी गेलेले. अख्खा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधायला सुमारे १,६०० कोटी लागले होते. त्या हिशोबाने असे चार रस्ते!

अजून डोळ्यांसमोर येत नाही? मग ५०० च्या नोटा घ्या. ७,१०० कोटींच्या होतात १४ कोटी २० लाख नोटा. एक नोट १५ सेंटिमीटर लांब. एकीला एक लावत मुंबईहून पुण्याकडे निघा. पुणं येईल, नोटा संपणार नाहीत. परत फिरा, मुंबई येईल, नोटा संपणार नाहीत. अशा ७१ वेळा जाऊन-येऊन फेऱ्या झाल्या की शेवटची नोट ठेवता येईल. एकूण २१,३०० किलोमीटर!

आणि मिळालं काय? देशभरात सुमारे २५ लाख मतं, म्हणजे एका मताला २८ हजार रुपये. जिंकलेला प्रदेश एकच: प्रशांत महासागरातलं अमेरिकन सामोआ. तिथे एकूण ३५१ जणांनी मत दिलं, त्यातली १७५ ब्लूमबर्गना. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीतही कधीकधी याहून जास्त मतदान होतं. पैशाने या शर्यतीत काय विकत मिळत नाही हे दाखवणारा याहून स्वच्छ आकडा मला तरी सापडलेला नाही.

मग गर्दी आवरली कशी? ७२ तासांत. हा सगळ्या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

फेब्रुवारी २०२० मध्ये बायडन यांची अवस्था दयनीय होती. आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. नेवाडात दुसरे आले, पण पुन्हा रिंगणात उतरलेल्या सँडर्सनी तिथे मैदान मारलं होतं. बायडन १९८८ च्या, २००८ च्या आणि आता २०२० च्या निवडणुकीसाठी उभे राहिले होते आणि तीन दशकांत एकाही राज्याची प्रायमरी जिंकलेले नव्हते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात मतदान झालं. तिथले ज्येष्ठ काळे खासदार जिम क्लायबर्न यांनी तीन दिवस आधी बायडनना पाठिंबा दिला होता. संध्याकाळी सात वाजता मतदान संपलं आणि वृत्तवाहिन्यांनी लगेच बायडनना विजयी घोषित केलं. जवळपास ४९ टक्के! सँडर्स २० च्या आत.

इथून घड्याळ लावा.

त्याच रात्री अब्जाधीश टॉम स्टायर बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, पीट बुटिजेज यांनी माघार घेतली. हे साउथ बेंड नावाच्या लाखभर वस्तीच्या गावाचे माजी महापौर. आयोवात सर्वाधिक प्रतिनिधी त्यांनीच मिळवले होते, महिन्याभरापूर्वी! तिसऱ्या दिवशी, २ मार्चला, मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुचार यांनी माघार घेतली. त्यांच्या स्वतःच्या राज्यात दुसऱ्या दिवशी मतदान होतं. जिंकायची आशा असलेलं घरचं मैदान सोडून त्या विमानाने डॅलसला गेल्या. बुटिजेजही डॅलसला. आधीच शर्यत सोडलेले टेक्सासचे बेटो ओरूर्कही तिथेच. एका संध्याकाळी, एका शहरात, तिघांनी बायडनना पाठिंबा जाहीर केला.

पुढचा दिवस ३ मार्चचा, म्हणजे सुपर ट्यूजडे. १४ राज्यं आणि अमेरिकन सामोआ एकाच दिवशी मत देणार. पणाला लागलेले प्रतिनिधी एकूण संख्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. संध्याकाळी सात वाजता व्हर्जिनियात मतदान संपलं आणि त्याच क्षणी तिथे बायडन विजयी घोषित. शनिवारी सात ते मंगळवारी सात, मोजून ७२ तास! रात्र सरेपर्यंत १४ पैकी १० राज्यं बायडनच्या खिशात. टेक्सास आलं. मिनेसोटा आलं, क्लोबुचार यांनी सोडलेलं. मॅसॅच्युसेट्सही आलं, जिथे बायडननी प्रचारच केला नव्हता, आणि तिथल्याच सिनेटर एलिझाबेथ वॉरन तिसऱ्या आल्या. सात हजार कोटी रुपयांनी १०१ दिवसांत जे झालं नाही ते तीन माणसांनी वेळेवर बाजूला होऊन तीन दिवसांत करून दाखवलं. राजकारणात लढायला धैर्य लागतं असं आपण नेहमी ऐकतो. त्या तीन दिवसांचे आकडे बघितल्यावर मला वाटतं, थांबायला त्याहून जास्त लागतं.

अजून सँडर्स उरले होते, आणि तेही थोडेथोडके नव्हते. सगळी प्रायमरी संपली तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ९७ लाख मतं होती, बायडनच्या नावावर १ कोटी ९० लाख. मधेच करोना आला. ७ एप्रिलला विस्कॉन्सिनमध्ये मतदान झालं तेव्हा मिलवॉकी शहरात एरवी १८० मतदान केंद्रं असतात तिथे उघडली फक्त पाच! जवळपास सहा लाख वस्तीच्या शहराला पाच. माणसं तोंडाला मास्क बांधून, अंतर सोडून, तासन्‌तास रस्त्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सँडर्स शर्यतीतून बाहेर पडले. १३ एप्रिलला त्यांनी बायडनना पाठिंबा दिला, निवडणुकीच्या २०४ दिवस आधी. गेल्या वेळचे ११९ दिवस आठवा. या वेळी रुसवे काढायला ८५ दिवस जास्त मिळाले.

ते दिवस वाया गेले नाहीत. दोन्ही गटांतली माणसं घेऊन सहा कृती गट बसवले: हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था, न्यायव्यवस्था, स्थलांतर. हवामानाच्या गटात सँडर्सच्या बाजूने अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ, बायडनच्या बाजूने जॉन केरी. आरोग्याच्या गटाचे दोन्ही प्रमुख भारतीय वंशाचे, प्रमिला जयपाल आणि विवेक मूर्ती! जुलैत ११० पानी मसुदा तयार झाला. सँडर्सना हवं होतं ते सगळं त्यात नव्हतं, पण त्यांच्या माणसांनी लिहिलेल्या ओळी होत्या. ऑगस्टमध्ये अधिवेशन भरलं ते पडद्यावर. ५७ राज्यं आणि प्रदेशांतून एकेकाने आपापल्या अंगणातून, समुद्रकिनाऱ्यावरून, शेतातून मतं सांगितली. ऱ्होड आयलंडचा माणूस बोलत होता आणि शेजारी काळ्या मास्कमधला आचारी माकूळ तळलेली थाळी धरून उभा होता. प्रायमरीबाहेरचे प्रतिनिधीही धरून बायडन ३,५५८, सँडर्स १,१५१. एका फेरीत काम संपलं. १९२४ च्या १०३ फेऱ्या, आणि इथे एक! उपाध्यक्षपदासाठी बायडननी निवडलं कुणाला? मायामीच्या मंचावर खिंडीत गाठणाऱ्या कमला हॅरिस यांनाच.

आता श्वास रोखा. नोव्हेंबर आला.

एकूण मतं पडली १५ कोटी ८४ लाख. बायडनना ८ कोटी १२ लाख ८३ हजार, अमेरिकेच्या इतिहासात कुणालाही मिळाली नव्हती एवढी. आपल्या गर्दीच्या वेळच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजार माणसं धरू. बायडनचे मतदार बसवायला, म्हणजे कोंबायला, १८ हजार लोकल लागतील. मुंबईत दिवसाला तीन हजारांच्या वर फेऱ्या होतात. म्हणजे पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत प्रत्येक लोकल खच्चून भरली तरी सहा दिवस वाहतूक चालेल! या निवडणूक हंगामात अध्यक्षपद आणि संसद मिळून खर्च झाला १,४४० कोटी डॉलर, एक लाख कोटी रुपयांहून जास्त. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज होता १ लाख ८ हजार कोटी. अख्खी बुलेट ट्रेन, एका निवडणुकीत!

पण तिथे देशाची एकूण मतं धरून जिंकता येत नाही. राज्याराज्यांची ५३८ निर्वाचक मतं असतात आणि २७० मिळाली की खुर्ची. बायडनना ३०६ मिळाली. दणदणीत वाटतं ना? आता तीन राज्यं बघा. अ‍ॅरिझोनात फरक १०,४५७. जॉर्जियात ११,७७९. विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२. बेरीज ४२,९१८. या तीन राज्यांतले बायडनचे एवढेच मतदार घरी बसले असते तर निकाल बरोबरीच्या काठावर. आणि जरा जास्त बसले असते तर २६९ विरुद्ध २६९! मग निर्णय प्रतिनिधिगृहात, दर राज्याला एक मत, आणि तिथे जास्त राज्यं रिपब्लिकनांच्या हातात.

बेचाळीस हजार नऊशे अठरा! साडेनऊ लोकल. १८ हजार लोकलचा तांडा सहा दिवस धावतो आहे आणि निकाल साडेनऊ गाड्यांवर. त्या एकामागे एक उभ्या केल्या तर दादरपासून जेमतेम माहीमपर्यंत. दुसऱ्या मापाने बघू. एका सेकंदाला एक मत मोजायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, तर देशाची सगळी मतं मोजायला पाच वर्षं आणि वर एक आठवडा लागेल. ही ४२,९१८ मतं? सकाळी सहाला बसलात तर संध्याकाळी सहाच्या आत उठाल. आणि आता विहीर. एक मत म्हणजे पाण्याचा एक थेंब समजा, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. पंधरा फूट रुंद गोल विहिरीत देशाची सगळी मतं ओतली तर गुडघाभर पाणी साचेल. त्यातले जिंकवणारे थेंब काढले तर दोन लिटर आणि वर घोटभर!

या दोन लिटरमध्ये सँडर्सचे किती असतील? विस्कॉन्सिनच्या त्या मास्कवाल्या प्रायमरीत सँडर्सना पडली होती सुमारे २ लाख ९३ हजार मतं. बायडन तिथे जिंकले २०,६८२ ने. सँडर्सच्या दर १४ मतदारांतला एक जण नोव्हेंबरात रुसून घरी राहिला असता तर राज्य गेलं होतं! अ‍ॅरिझोनात सँडर्सची मतं दोन लाख, फरक १०,४५७. तिथे तर दर १९ जणांतल्या एकाचा रुसवा पुरला असता. चार वर्षांपूर्वी शंभरातले बारा जण पलीकडे गेले होते. या वेळी पाच-सात जणही परवडणार नव्हते. ११० पानांच्या त्या मसुद्यावर घालवलेले महिने, ते ८५ जास्तीचे दिवस, डॅलसची ती संध्याकाळ, सगळं या एका भागाकारात येऊन बसतं.

आणि तरी सर्वांत मोठा आकडा अजून यायचाच आहे.

जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातल्या दोन्ही फेरनिवडणुका डेमोक्रॅट जिंकले आणि सिनेट झाली ५० विरुद्ध ५०. बरोबरी झाली तर निर्णायक मत उपाध्यक्षांचं. सिनेटच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष झाले बर्नी सँडर्स. समोर आलं करोना मदतीचं पॅकेज: १ लाख ९० हजार कोटी डॉलर. रुपयांत सांगू? १३८ लाख कोटींहून जास्त! त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारचा अर्थसंकल्प होता सुमारे ३५ लाख कोटींचा. संरक्षण, रेल्वे, रस्ते, अनुदानं, पगार, व्याज धरून १४० कोटींच्या देशाचा वर्षाचा सगळा खर्च, आणि हे एक पॅकेज त्याच्या चौपट. पात्र माणसाला १,४०० डॉलर, म्हणजे लाखभर रुपये. चौघांच्या कुटुंबाला चार लाख!

पुन्हा ५०० च्या नोटा काढा. ब्लूमबर्गच्या नोटा मुंबई-पुणे ७१ वेळा जाऊन आल्या होत्या. या नोटांना द्रुतगती मार्ग पुरणार नाही. एकीला एक लावत गेलात तर चार कोटी १६ लाख किलोमीटर होतात. चंद्र आहे सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. मुंबईहून निघा, चंद्रावर जा, परत या, पुन्हा जा. अशा ५४ फेऱ्या जाऊन-येऊन करा, तेव्हा नोटा संपतील!

या पैशाची वाट मोकळी करणारा ठराव ५ फेब्रुवारी २०२१ ला, रात्रभर चाललेल्या मतदानानंतर, पहाटे साडेपाचच्या सुमारास सिनेटपुढे आला. ठराव पुढे रेटणारे होते प्रायमरीत हरलेले सँडर्स. बाजूने ५०, विरोधात ५०. मग सभापतींच्या आसनावरून प्रायमरीत हरलेल्या कमला हॅरिस यांनी आपलं मत दिलं, आणि आकडा झाला ५१. पुढच्या चार वर्षांत असं निर्णायक मत त्यांनी एकूण ३३ वेळा दिलं. अमेरिकेच्या आजवरच्या एकाही उपाध्यक्षावर इतक्यांदा ती वेळ आलेली नाही.